तांब्याभर पुण्य

माझी बायको माघात गेली. आता जेठ लागलाय. चूल मीच पेटवतो, भाकरी मीच जाळतो आणि मीच खातो. शिकलो ते मराठी दुसरीपर्यंत. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. पण ही एक गोष्ट लिहून ठेवायचीच आहे. गावात या गोष्टीचे तीन-चार प्रकार फिरतात आणि त्यातले बहुतेक खोटे आहेत. सगळ्यात जास्त खोटं मीच बोललो, म्हणून खरं काय ते मला माहीत आहे.

मी संशयी माणूस. पहिल्यापासून. बी आणलं तर दाताखाली धरून बघतो. बैल बांधला तरी पुन्हा उठून गाठ ओढून बघतो. कोणी जरा जास्त वाकून रामराम केला की वाटतं, याला काय पाहिजे? माझा बाप असाच होता. तो म्हणायचा, कुत्रं शेपूट हलवतं तेव्हा भाकरीकडे बघ, कुत्र्याकडे नको. मला ते बरोबर वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं.

बायको मेहरूणची. जळगावजवळचं तळ्याकाठचं मेहरूण. आमचं गाव दोंडाईच्याच्या टेसनापासून कोसभर, म्हणजे खानदेशाचं पार दुसरं टोक. ती नांदायला आली तेव्हा विहिरीवरच्या बाया म्हणाल्या, "जयगावकडनी शे. बोलनं गोड शे, जपी ऱ्हावा." गोड बोलणारं माणूस आमच्याकडे आधीच संशयात असतं. ती कधी कोणाला उलट बोलली नाही, आणि त्यामुळे संशय वाढलाच.

आमची पहिली तीन लेकरं गेली. एक सव्वा महिन्याचं, एक सात महिन्यांचं, आणि तिसरं मानमोडीच्या साथीत, तेव्हा घरटी कोणी ना कोणी जातच होतं. ज्या घरात अशी जातात त्या घरात पुढच्या लेकराचे दिवस मोजत नाहीत. महिना झाला, वर्ष झालं, असं तोंडातून काढत नाहीत. लेकरू गुटगुटीत दिसलं तरी वाळकं म्हणायचं. मोजलं की ऐकणारा ऐकतो, असं आमच्यात म्हणतात. ऐकणारा कोण ते कोणी सांगत नाही.

चौथी पोर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी झाली. आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात आणि पुरुष पत्ते कुटतात. मी पत्त्यावरच होतो. सुईणीनं हाक मारायला पाठवलं तेव्हा हातातला डाव टाकून उठलो नाही, खेळून मग उठलो. हे बायकोला कधी सांगितलं नाही. तिला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हाच तर सगळा घोळ आहे.

पोर जगली. वर्ष झालं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून आलो तर बायको पोरीला न्हाऊ घालून, काजळाची तीट लावून उभी.

"आयकं का? आज आपली पोरना दिन शे. वरीस झायं."

"हयू बोल. मोजू नको."

"मी मोजानं नही त कोन मोजी? माले गूळ-खोबरं वाटानं नही. खावाले दिधं का लोके म्हनतीन, उतारा शे."

ते तिचं बरोबर होतं. तीन गेलेल्या घरातनं चौथ्याच्या नावानं गूळ वाटला, तर घेणारी बाई तो घरी नेणार नाही. वाटेत कुत्र्याला टाकेल. पोराची पीडा उतरवून दुसऱ्याच्या पोटात घालतात, अशी सगळ्यांना धास्ती. मीही असा गूळ घेतला नसता.

"मंग काय करानं?"

"ज्याले त्याले सांगसू, आज मनी पोरना दिन शे. माले काही नको. तुम्ही दुसरानं एक काम करी द्या."

"तुले काय मियस त्यामा?"

"काही नही."

"काही नही त मंग काबर?"

तिनं उत्तर दिलं ते लांबलचक होतं. मेहरूणला ती लहानपणी बोरं वेचायला जायची. ती बाग जळगावच्या कोणा वकिलाची. त्याची एक मुलगी होती. वर्षातून एक दिवस ती गाडीतून यायची आणि एका म्हातारीच्या टोपलीत दुपारपर्यंत बोरं वेचायची. हाताला काटे लागायचे, रडायची, पुन्हा वेचायची. बायकोनं विचारलं तर मुलगी म्हणाली, आज माझा वाढदिवस, आज मी दुसऱ्याचं काम करते. बस, एवढंच. ते हिच्या डोक्यात इतकी वर्षं बसून राहिलेलं.

मी म्हटलं, वकिलाच्या घरचं खूळ. वकील फुकट काही करत नाही, त्याच्या पोरीनं बोरं वेचली त्यातही काही मेख असेल. पण ती पोरीला कडेवर घेऊन विहिरीवर गेलीसुद्धा.

बाया हसल्या. हसता हसता दोघी-तिघींनी केलंही. एकीनं आंधळ्या म्हातारीचा हंडा भरून दिला. न्हाव्यानं धर्मशाळेत पडलेल्या एका आजारी बैराग्याची दाढी केली. आमच्या शेजारच्या अक्कानं कोणाची तरी फाटलेली घोंगडी शिवून दिली. या अक्काचं आणि आमचं घर एका भिंतीला. ती माझ्या बायकोहून दोन-तीन वर्षांनी मोठी. पुढे तिचंच सांगायचं आहे.

दिवेलागणीला बायको उंबऱ्यात बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात सांगितलं. आज तुझ्या नावानं आंधळ्या आजीला पाणी मिळालं. आज तुझ्या नावानं बैरागीबाबाची दाढी झाली. पोरीनं कान खाजवला. मग बायकोनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आनि तुम्ही?"

मी दिवसभर पत्त्यावर होतो. तोंडातून निघून गेलं, "टेसनवर एक डोकरानं गाठोडं उचलं."

"कोठलोंग?"

"गाडीपावत."

"बरं," ती म्हणाली, आणि पोरीच्या कानात सांगितलं, आज तुझ्या बापानं एका म्हाताऱ्याचं गाठोडं उचललं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मी म्हटलं, गाठोडं. तिसऱ्या वर्षी म्हातारी होती आणि तिच्याजवळ गाठोड्याबरोबर कोंबडी पण होती, असं सांगितलं. पोर हसली म्हणून चौथ्या वर्षी कोंबडी सुटून रुळावर पळाली. खोटं बोलायला लागलं की ते वाढतं. पोर सहा वर्षांची होईपर्यंत तिला पक्कं ठाऊक झालं होतं की आपला बाप म्हणजे आखाजीच्या दुसऱ्या दिवशी टेसनावर गाठोडी उचलणारा माणूस. मी एकदासुद्धा गेलो नव्हतो.

मी का गेलो नाही, याचं कारण आळस नाही. मला वाटायचं, बायकोच्या या दिवसात काहीतरी आहे. ती मला सांगत नाही. माणूस फुकट काही करत नाही, मग ही कशासाठी लोकांच्या दारोदार जाते? मीच असा विचार करत होतो तर गाव का करणार नाही? सहा वर्षांत पोरीला साधी गोवरही धड आली नाही. गावात बाकीची लेकरं खोकत होती, जात होती, आणि तीन गेलेल्या घरातली ही पोर निंबाच्या झोक्यावर उभी राहून झोका घेत होती. बाया बघत होत्या.

सहाव्या वर्षी शेजारच्या अक्कानं सांगितलं, "मी गल्लीमधली बायंतीनले पायलीभर जवारीनं पीठ करी दिधं." बायकोनं ते पोरीच्या कानात सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्काच्या पोराला ताप भरला. एकुलता एक, चार वर्षांचा. ताप उतरेना. डोळे फिरवायला लागला. नवरा टेसनावरून औषधाची बाटली घेऊन आला ती तशीच राहिली. अक्का भगताकडे गेली. भगत अंगात आल्यावर बोलला, तुझ्या घरचं पुण्य भिंतीपलीकडे गेलंय, ते आण.

सकाळी मी वैरण टाकत होतो. अक्का आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. केस सुटलेले. आत आली नाही.

"मनं पुण्य तुनी पोरले गयं," ती बायकोला म्हणाली. "मना पोऱ्या जाई राह्यना. परत दे."

बायकोच्या आधी मी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. शिव्या होत्या. पण माझ्या शिव्या ऐकून लोक जमले आणि जमलेल्यांना भगताचं बोलणं लगेच पटलं. सहा वर्षं ज्या बाया हसून हंडे भरत होत्या त्या आता आठवायला लागल्या, की त्या दिवसानंतर आमची म्हैस आटली, आमची सून पडली. एकीला दोन वर्षांपूर्वीचा विंचूसुद्धा आठवला. हे असं जमवायचं म्हटलं तर कोणाच्याही आयुष्यात जमतं. पण माणसं भ्यायली होती. एक लेकरू समोर मरत होतं.

गल्लीतले म्हातारे आबा मारुतीच्या पारावर बसले. ते शहाणे माणूस, भांडण नको म्हणून बोलले, "पुण्य पान्यावर सोडतस. पान्यावरच परत करानं. पोरनी मायनी सोडानं." म्हणजे बायकोनं तांब्याभर पाणी घ्यायचं, पोरीच्या नावानं जमलेलं सगळं पुण्य बोलून अक्काच्या ओंजळीत सोडायचं, आणि ते पाणी अक्कानं पोराला पाजायचं.

माझ्या मनात त्या वेळी काय झालं ते सांगतो. मी म्हणत होतो, पुण्यबिण्य सगळं थोतांड. बायकोला सहा वर्षं हसत होतो. आणि तिनं तांब्या हातात घेतला, पोर तिच्या पदराला धरून उभी, तेव्हा मला एकदम वाटलं, हे सोडलं तर पोर जाणार. तीन गेली, ही याच पुण्यावर जगली, आणि आता ही बाई ते ओतून टाकते आहे. मी पुढे झालो आणि तांब्या धरला. दोन्ही हातांनी. सगळ्या पारासमोर.

"सोडू नको."

"सोडा."

"मी सोडू देस नही. पोर आपली शे."

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही त काही करंच नही. तुमनं काय जाई राह्यनं?"

पाराभोवती हशा पिकला. लेकरू मरत असतानाही हशा पिकला. माझे हात सुटले.

तिनं अक्काच्या ओंजळीवर तांब्या वाकडा केला आणि बोलली, "सहा वरीसमा मनी पोरना नाववर ज्यानी जे करं, ते बठ्ठं ज्यानं त्याले. आनि मनं सोतानं जे व्हई, ते बी या पोऱ्याले." शेवटचं कोणी सांगितलं नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं जोडलं. तांब्या पालथा करून झटकला, थेंब राहू दिला नाही. अक्का ओंजळ सांभाळत घरात पळाली.

दोन दिवसांनी पोराचा ताप उतरला. आठव्या दिवशी तो ओट्यावर बसून गूळ खात होता.

तो मेला असता तर गावानं आम्हाला हाकललं असतं. तो जगला, तर काय झालं? तर सगळ्यांना पुरावा मिळाला. परत केल्यावर पोर उठला, म्हणजे नेलेलं होतंच. आता ती चोरटी ठरली. तिनं आपल्या हातानं चोरी कबूल केली, असं लोक बोलायला लागले. पुढच्या आखाजीला आमची पोर झोक्याजवळ गेली की बाया आपापल्या पोरी खाली उतरवायच्या. झोका रिकामाच हलायचा, आणि पोर त्यावर बसायला तयार नसायची.

ही गावाची गोष्ट. माझी त्याहून वाईट आहे.

तो पोर उठून बसला त्याच संध्याकाळी मी बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, "खरं सांग. तू खरंच लोकेसनं पुण्य वढी लेत व्हती का?"

ती थांबली नाही. भाकरी थापून तव्यावर टाकली, उलटली, फुगवली, माझ्या ताटात वाढली.  त्यानंतर वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती माझ्याशी बोलायची, हसायचीही, मी आजारी पडलो तर पाय चेपायची. पण आखाजीचा दुसरा दिवस आला की तिनं मला कधीही विचारलं नाही, तुम्ही काय केलं. कोणालाच विचारलं नाही. विहिरीवर गेली नाही. त्या दिवशी ती घरातल्या घरात काम करायची आणि संध्याकाळी दिवा लावून उंबऱ्यात थोडा वेळ बसायची. पोर मोठी होत होती, आता कानात सांगण्याजोगं काही नव्हतं.

पोरीचं लग्न जवळपासच्या गावात जमेना. सांगून आलेले दोघे, चौकशी करून परत गेले. शेवटी बायकोनंच माहेरच्या माणसांकरवी पार एदलाबादकडचं स्थळ काढलं, जिथं आमच्या पाराची हवा पोचत नव्हती. पोर तिकडे सुखात आहे. केळीचं घर आहे.

आता या वर्षाचं. बायको माघात छातीच्या दुखण्यानं गेली. आखाजीला तिच्या नावाची पहिली घागर भरायची म्हणून पोर आली. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, मी नमस्कार केला. डोळ्यात पाणी आलं नाही, याचं पोरीला वाईट वाटलं असेल. मला माणसांसमोर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली. आता ती पूर्ण म्हातारी, दात गेलेले. तो पोऱ्या मिशीचा गडी झाला, त्याला दोन पोरं. इतकी वर्षं आम्ही एका भिंतीला राहिलो, पण तिचं आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं नव्हतं. बायको गेली त्या दिवशीसुद्धा ती ओट्यावरच बसली. आता एकदम आत आली. हातात रिकामं सूप.

"भाऊ, जवारी द्या. पीठ करी देस."

मी म्हटलं, "काबर? दोंडाईचाले गिरनी शे."

"माले माहीत शे गिरनी शे. आज मी करसू."

मला वाटलं, आलं आता. ही भिंत पडायला आली आहे, ती माझ्या बाजूला सरकवून बांधायची असेल. किंवा पोराला माझं परस पाहिजे असेल. म्हातारा एकटा आहे, गोड बोलून घ्यावं. मी सरळ विचारलं, "अक्का, तुले काय पाहिजे ते सांग. पीठ मधमा आनू नको."

ती खाली बसली. सूप मांडीवर घेतलं. पोर चुलीजवळ होती, ती ऐकायला लागली.

"त्या वरीसले मी बायंतीनले पीठ करंच नही," अक्का म्हणाली. "खोटं सांगं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"मंग तुनं पुण्य कोठे गयं?"

"गयंच नही. व्हतंच नही त जाई कोठे?"

"आनि पानी?"

"लिधं. फुकट लिधं. पोऱ्या जाई राह्यना व्हता, भाऊ. माले वाटनं, खोटं बोलनू म्हनीसनच त्याले ताप उना. पन मी खोटी शे, हाई पारवर कसं सांगू? त तिनावर टाकी दिधं."

मी उठून उभा राहिलो. मी तिला बोलणारच होतो, सगळं, वीस वर्षांचं. रिकामा झोका, परत गेलेली स्थळं, उंबऱ्यात बसलेली बायको. तोंड उघडलं, आणि गाठोडं आठवलं. कोंबडी रुळावर पळालेली आठवली. अक्कानं एकदा खोटं सांगितलं. मी सहा वेळा.

ती पुढे बोलत राहिली. दरवर्षी याच दिवशी ती कोणाचं ना कोणाचं दळण गुपचूप करून देते. पहिल्या वर्षी त्या बाळंतिणीचं. मग ज्याचं असेल त्याचं. सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, ही आता कोणाच्या नावानं करते? "तिले कितीदाव सांगानं व्हतं. विहीरवर समोर येवाले लागनी का मी हंडा उचलीसन निंघी जाऊ. आते कोनले सांगू?"

आणि ती रडायला लागली. म्हाताऱ्या माणसाचं रडणं बघवत नाही, नाकातून येतं सगळं.

तेव्हा मी बोललो. का बोललो ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तिले माहीत व्हतं."

"काय?"

"तू पीठ करं नही ते. भिंत एकच शे, अक्का. तुनं जातं त्या दिन वाजनं नही. ती तवयच माले बोलनी, आज अक्कानं जातं वाजनं नही."

हे साफ खोटं. बायको मला असं कधीच बोलली नव्हती. मी ते त्या क्षणी रचलं, जशी कोंबडी रचली होती.

अक्कानं रडता रडता मान वर केली. "तरी तिनी पानी सोडं?"

"तरी सोडं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग सूप पुढे केलं. पोरीनं ज्वारी घातली. अक्का गेली, आणि जरा वेळानं भिंतीपलीकडून जात्याची घरघर सुरू झाली. मी भिंतीला टेकून बसलो तर ती पाठीला लागत होती. दोन्ही घरांना भिंतीचा दगड एकच आहे.

आणि तेव्हा मी भिंतीपासून सरकलो. जात्याचा आवाज एवढा येतो. घरात असणाऱ्याला येणारच. त्या दिवशी मी पत्त्यावर होतो, बायको विहिरीवरून आल्यावर घरातच होती. दिवसभर. तिला माझी सहाही गाठोडी खोटी असल्याचं ठाऊक होतं, पारावर तिनं तसं बोलूनच दाखवलं. मग हे ठाऊक नसेल कशावरून? मी खोटं म्हणून सांगितलं ते खरंच असेल तर? तर तिनं पारावर उभं राहून, अक्काचं काही देणं लागत नसताना, सगळ्यांसमोर चोर व्हायला तयार होऊन तांब्या पालथा केला. आणि आठ दिवसांनी तिच्याच नवऱ्यानं तिला विचारलं, तू पुण्य ओढून घेत होतीस का.

मला कळणार नाही आता. अक्काला माझं खरं वाटलं की तीही मला सांभाळून घेत होती, तेही कळणार नाही. तिच्या डोळ्यांत मला जरासा संशय दिसला. दिसू दे.

पोर दारात उभी होती. तिच्या आईसारखी उभी राहते, एक हात चौकटीवर.

"नाना," ती म्हणाली, "आज टेसनवर जानं नही का? गाठोडं उचलाले?"

ती चेष्टा करत नव्हती. पारावर आई बोलली तेव्हा ती लहान होती, तिला अजूनही तेच खरं वाटत होतं. मी पायताण घातलं.

दुपारच्या उन्हात कोसभर चालून गेलो. टेसनावर लोक इंग्रज जाणार, कधी जाणार, त्यावर वाद घालत होते. गाडी आली. उतरणाऱ्यांत एक म्हातारा, माझ्याहून थकलेला, पाठीवर गाठोडं, हातात काठी. मी जवळ गेलो आणि गाठोड्याला हात घातला. त्यानं असा हिसका दिला की मी पडता पडता वाचलो.

"सोड! कोन शे तू? काय पाहिजे तुले?"

"काही नही."

"काही नही त मंग काबर?"

 मी म्हटलं, आज माझ्या पोरीचा दिवस आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी त्याच्या जागी असतो तर हमाल बोलावला असता नाहीतर पोलीस. त्यानं गाठोडं सोडलं नाही. मीही सोडलं नाही. मग एक टोक त्यानं धरलं, एक मी धरलं, आणि ते मध्ये लोंबकळत आम्ही टेसनाबाहेर निघालो. बाहेरच्या रस्त्याच्या चढापर्यंत तो सारखा माझ्या हाताकडे बघत होता.